पुढची चाकं भाऊजींची

आमच्या घरी एक जुनी गाडी आहे आणि ती मधोमध वाटलेली आहे. कागदोपत्री नाही, तशी ती वाटता येत नाही. पण सासरे गेले तेव्हा त्यांच्या दोन मुलांनी आपसात ठरवलं की पुढचा अर्धा भाग थोरल्याचा आणि मागचा अर्धा धाकट्याचा. थोरले म्हणजे माझे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते. धाकटा म्हणजे माझा नवरा, त्याला मी प्रसंगानुसार काहीही म्हणते.

वाटणी भांडणातून झालेली नाही. भांडण होऊ नये म्हणून झाली. दोघं भाऊ कमालीचे समंजस आहेत आणि समंजस माणसांनी घातलेला घोळ निस्तरणं महाकठीण असतं, कारण ते आवाज चढवत नाहीत, त्यामुळे आपल्यालाही ओरडायला जागा मिळत नाही.

नियम एकच. आपल्या अर्ध्यात काय करायचं ते दुसऱ्याला विचारायचं नाही आणि दुसऱ्याच्या अर्ध्यात नाक खुपसायचं नाही. इंजिन पुढे, म्हणून इंजिन भाऊजींचं. पेट्रोलची टाकी मागे, म्हणून पेट्रोल आमचं. हॉर्न त्यांचा, ब्रेकचे दिवे आमचे. भाऊजी छप्पर पुसत पुसत मधल्या खांबापर्यंत येतात, थांबतात, फडकं झटकतात आणि घरात निघून जातात. उरलेलं छप्पर माझा नवरा आठवड्यात कधीतरी पुसतो. दोघांची पॉलिशं वेगवेगळी आहेत, त्यामुळे उन्हात उभी केली की गाडी दोन हिरव्या रंगांची दिसते. स्टेअरिंग सामाईक आहे. स्टेपनी डिकीत असते, म्हणजे आमच्या हद्दीत, पण ती लागणार चारही चाकांना. तेव्हा तिच्या मालकीचा विषय अजून चालू आहे आणि तिला आजवर कुणी हात लावलेला नाही.

मी कपडे शिवते. माझं मशीन गॅरेजला लागून असलेल्या खोलीत आहे आणि मधल्या भिंतीला खिडकी आहे. त्यामुळे या घरातलं गाडीविषयीचं एकही वाक्य मला चुकलेलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं.

तर, आत्यांनी विषय काढला तो जेवणाच्या टेबलावर.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर टेलिफोन खात्यात नोकरी केली, आणि बोलतात अजूनही असं की जणू पलीकडच्या माणसाचं बिल चढतंय. गाडी चालवायला त्या याच गाडीवर शिकल्या. सासऱ्यांनी शिकवलं. शिकून झाल्यावरही सासऱ्यांचं शिकवणं थांबलं नाही. आत्या चालवत असल्या की ते शेजारी बसायचे आणि एक हात हँडब्रेकवर ठेवायचे. रस्ता रिकामा असला तरी ठेवायचे. आत्यांचे केस पिकले, त्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर गेल्या, तरी हात तिथंच.

"माझं लायसन्स वाढदिवसाला संपतंय," आत्या म्हणाल्या. "डोळ्यांचे डॉक्टर पुढचं सर्टिफिकेट देणार नाहीत म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. तर त्याच्या आधी मला एकदा गाडी घेऊन पुलापर्यंत जाऊन यायचंय. एकटीला. शेजारी कुणी नको."

एवढं बोलून त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. या घरात आत्यांनी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. 

"अगं, त्यात काय विचारायचं," भाऊजी म्हणाले.

"गाडी तुझीच आहे," माझा नवरा म्हणाला. ते कोणत्या अर्थाने खरं होतं ते त्यालाच ठाऊक.

मग दोघं एकदम म्हणाले, "फक्त टायर बघावे लागतील."

ते मात्र खरं होतं. गाडी कित्येक दिवस जागची हलली नव्हती आणि चारही टायरांना बाजूने भेगा पडल्या होत्या, टाचांना पडतात तशा. त्यांच्यावर गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे आत्यांना वाढदिवसाची भलतीच भेट देणं. टायर बदलायला कुणाचाच विरोध नव्हता आणि वाढदिवस तसा लांब होता. मी निश्चिंत होते. जाऊबाईंनी मात्र माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. त्या या घरात माझ्या आधी आल्यात.

दुसऱ्या दिवसापासून दोघं भाऊ अभ्यासाला लागले. वेगवेगळ्या खोल्यांत.

भाऊजी हवामान खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचा सगळा भर काय होऊ शकेल यावर. त्यांनी रेडियल टायर पसंत केले. आजच्या गाड्यांना असतात ते. रस्ता नीट धरतात, ब्रेक दाबला की गाडी थांबते, ओल्या रस्त्यावर घसरत नाही. "शोभेपेक्षा माणूस महत्त्वाचा," ते गॅरेजमध्ये जाऊबाईंना म्हणाले. भिंतीला खिडकी आहे हे मी सांगितलंच.

माझ्या नवऱ्याचा भर पूर्वी काय होतं यावर. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिला नायलॉनचे टायर होते, अरुंद, उंच, बाजूला पांढरा पट्टा असलेले, आणि तिला तेच शोभतात. शिवाय त्या काळची गाडी त्या काळच्या टायरांच्या हिशोबाने बनवलेली असते. "रेडियल घातले तर गाडी चालेल," तो मला म्हणाला, "पण ती ही गाडी नसेल."

"मग कुठली असेल?" मी विचारलं.

"तुला नाही कळायचं."

मी बाही उसवत होते. पुढे बोलले नाही, कारण हातात कात्री होती.

आता कोणत्याही घरात यानंतर दोन भाऊ समोरासमोर बसतील, थोडा वाद घालतील आणि चार टायर एका जातीचे घेतील. आमच्याकडे तसं होण्याची शक्यता नव्हती, कारण पुढची चाकं भाऊजींची आणि मागची आमची. विचारणं म्हणजे नाक खुपसणं. भाऊजींनी पुढच्या चाकांसाठी दोन रेडियल मागवले. माझ्या नवऱ्याने मागच्या चाकांसाठी दोन नायलॉनचे मागवले, पांढऱ्या पट्ट्याचे, परगावाहून. दोघांनी आपापले टायर आपापल्या खोलीत ठेवले. आमच्या बेडरूममध्ये काही दिवस रबराचा वास होता आणि मी नवऱ्याला म्हटलं, अरे, एकदा भाऊजींना विचार तरी की ते कोणते घेतायत. तो म्हणाला, "त्यांच्या चाकांचं मी कसं विचारू? वाईट दिसतं."

टायर जुळत नाहीत हे दोघांना कळलं ते टायरवाल्याच्या दुकानात.

टायरवाला जाडजूड, हसतमुख आणि स्वतःच्या मताच्या प्रेमात पडलेला माणूस आहे. गावात त्याची दोन दुकानं आहेत आणि दोन्हीकडे त्याचा स्वतःचा फोटो लावलेला आहे. गाडी घरीच लोखंडी स्टँडवर चढवली होती आणि चारही चाकं काढून टेम्पोने दुकानात नेली होती. सोबत मी गेले होते, कारण माझं दोऱ्यांचं काम त्याच रस्त्याला होतं. दुकानातल्या माणसांनी जुने टायर रिमवरून कापून काढले, ते उचलून मागच्या भंगारात टाकले, आणि मगच टायरवाल्याने नव्या टायरांकडे नजर टाकली.

"हे पुढे? आणि हे मागे?" त्याने विचारलं.

"हो," दोघं भाऊ म्हणाले. भाऊजींनी पहिल्यांदा पांढरा पट्टा पाहिला आणि माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा रेडियल. दोघंही काही बोलले नाहीत. वाईट दिसलं असतं.

"असं नाही बसवत मी," टायरवाला म्हणाला. "पुढे रेडियल, मागे नायलॉन म्हणजे वळणावर पुढचं नाक रस्ता धरणार आणि ढुंगण सुटणार. गाडी फिरकीसारखी फिरेल. उलटं चालतं. पुढे नायलॉन, मागे रेडियल. काही हरकत नाही. बसवू का तसं?"

मला वाटलं, सुटलो. एवढं सोपं उत्तर मिळालं. टायर तेच, माणसं तीच, फक्त पुढचे मागे आणि मागचे पुढे. मी पर्स काखेत धरून उठलेसुद्धा.

"थोडं बोलून सांगतो," भाऊजी म्हणाले.

"हो, बोलायला लागेल," माझा नवरा म्हणाला.

बोलणं घरी सुरू झालं आणि चांगलंच लांबलं. अडचण अशी होती की टायर उलटे लावले तर भाऊजींचे टायर आमच्या अर्ध्यात येणार आणि आमचे त्यांच्या. मग त्यांच्या टायरात हवा कोण भरणार? पंक्चर झालं तर कुणाचं? भाऊजींनी सुचवलं की टायर अदलाबदल करून एकमेकांच्या नावावर करावेत. म्हणजे रेडियल आमचे, नायलॉन त्यांचे. माझा नवरा म्हणाला की त्यानं जन्मात रेडियल घेतला नसता, तो त्याच्या गळ्यात का? भाऊजी म्हणाले, तेही पांढरा पट्टा घेऊन काय करणार? मग असा विचार पुढे आला की टायर ज्याचे त्याचेच राहू द्यावेत आणि गाडीचाच अर्धा भाग बदलावा. भाऊजींनी मागचा घ्यावा, आम्ही पुढचा. हा विचार दोघांना पटला. दोघं खूश झाले. मग भाऊजींना इंजिन आठवलं. इतकी वर्षं त्याला तेल घातलं, त्याचा आवाज कानात बसलाय, ते असं कसं देऊन टाकायचं. माझ्या नवऱ्याला डिकी आठवली. डिकीत काहीही नाही, ती मालकी न ठरलेली स्टेपनी सोडून. तरी त्याला ती आठवली.

आवाज कुणी चढवला नाही. दोघं रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये बिनचाकांच्या गाडीच्या दोन टोकांना उभे राहायचे, बोलायचे, एकमेकांचं म्हणणं कसं योग्य आहे ते एकमेकांना सांगायचे आणि उद्या पाहू म्हणून उठायचे. मी मशीनवर बसून हे ऐकायचे आणि माझ्या हातून टाके वाकडे पडायचे. एका बाईच्या ब्लाउजचा गळा मी दोनदा उसवला.

आत्या या काळात एकदा गॅरेजमध्ये आल्या. गाडीभोवती फिरल्या, स्टँडकडे पाहिलं, आणि माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय ठरतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आत्या, तुम्ही माझी गाडी घेऊन जा ना पुलापर्यंत. आत्ता जा. किल्ली देते."

"तुझी गाडी आपली आपण चालते गं," त्या म्हणाल्या. "गिअर नाही, क्लच नाही. मी त्यात बसून काय करू?" मग म्हणाल्या, "या गाडीत दादाचा हात असायचा. तो नसताना चालते का ते मला पाहायचंय."

त्या दिवशी मी शिवण बाजूला ठेवलं आणि सरळ जाऊबाईंकडे गेले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि चपला घातल्या. आम्ही दोघी टायरवाल्याकडे गेलो.

"पुढे नायलॉन, मागे रेडियल," जाऊबाई म्हणाल्या. "बसवा."

"मालक?"

"मालक आम्ही आहोत," जाऊबाई म्हणाल्या. हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की टायरवाल्याने फोटोतल्यासारखं हसणं बंद केलं. त्याने आमच्यासमोर चारही रिमवर टायर चढवून घेतले, हवा भरली, खडूने पुढचं-मागचं लिहिलं आणि वाढदिवसाच्या सकाळी चाकं घरी आणून बसवून देतो असं कबूल केलं. पुलाकडे जाणारा रस्ता सकाळी मोकळा असतो. परत येताना जाऊबाईंनी मला चहा पाजला. आम्ही दोघी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेर बसून चहा प्यायलो असू. फार बरं वाटलं.

वाढदिवसाला आत्या लवकर तयार झाल्या. कडक इस्त्रीची साडी, मोज्यांवर सपाट बूट, चष्मा स्वच्छ पुसलेला, पर्समध्ये लायसन्स. चहा पिऊन त्या व्हरांड्यात बसल्या. टेम्पो आला नाही. मी फोन केला, कुणी उचलला नाही. मी आणि जाऊबाई माझी गाडी काढून दुकानात गेलो. शटर बंद. आठवडी सुट्टीचा दिवस होता. दुसऱ्या दुकानालाही कुलूप. शेजारच्या बॅटरीवाल्याने सांगितलं की मालक भाचीच्या लग्नाला गेलेत, उद्या येतील.

"अहो पण आज सकाळी चाकं द्यायची कबूल केली होती त्यांनी," मी म्हटलं. "सुट्टी असली तरी खास माणूस पाठवतो म्हणाले होते."

"हिरव्या गाडीची का?" बॅटरीवाला म्हणाला. "ती थांबवली ना. घरून फोन आला होता. एक नाही, दोन आले. इतक्यात चाकं पाठवू नका, विषय चालू आहे म्हणून."

म्हणजे माझ्या नवऱ्याने स्वतंत्र फोन केला होता आणि भाऊजींनी स्वतंत्र. एकमेकांना न सांगता. टायर लागल्यावर समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. टायरांच्या बाबतीत दोघा भावांचं एकमत टिकण्याची ही पहिली वेळ.

घरी येईपर्यंत आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही. घरी आल्यावर मी बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. दोघं भाऊ मान खाली घालून ऐकत होते आणि मधेच भाऊजी म्हणाले, "चूक झाली हे मान्य आहे. पण कुणाची किती, ते बसून पाहावं लागेल." तेव्हा जाऊबाई उठून आत गेल्या.

आत्यांना सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी व्हरांड्यात गेले आणि सांगितलं. चाकं येत नाहीत. आज येत नाहीत. उद्याचं काय, ते त्यांनाही कळत होतं. लायसन्स संपल्यावर आत्या अंगणातसुद्धा गाडी हलवणार नाहीत. त्या तशाच आहेत.

"बरं," त्या म्हणाल्या.

पर्स उचलली आणि गॅरेजकडे चालू लागल्या. आम्ही सगळे मागोमाग गेलो.

गाडी स्टँडवर उभी होती, चारही बाजूंनी पाय कापल्यासारखी. आत्यांनी दार उघडलं. गाडी उंचावर असल्याने चढायला त्रास झाला, मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. आत बसल्या. सीट पुढे ओढली. आरसा स्वतःच्या नजरेला लावून घेतला. काच खाली केली.

"आत्या, मी बसतो शेजारी," माझा नवरा पुढे झाला.

"नको."

"मी मागे बसतो," भाऊजी म्हणाले.

"कुणी नको."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मग सुरू झालं. भाऊजींनी ते खरंच चांगलं ठेवलंय, हे मला कबूल करायलाच हवं. आत्यांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. मागची लोखंडी डबडी, जिथे चाकं असायला हवीत ती, हळूहळू फिरू लागली. मी पळत जाऊन गॅरेजचं मागचं दारही उघडलं, धूर जायला.

आत्यांनी हात बाहेर काढून उजवीकडे वळायची खूण केली, स्टेअरिंग फिरवलं, सरळ केलं. हा आमच्या रस्त्याचा कोपरा. दुसरा गिअर. तिसरा. बाजारातून जाताना वेग कमी केला, एकदा हॉर्न वाजवला. मग बहुधा मोकळा रस्ता लागला, कारण त्यांनी चौथा गिअर टाकला आणि पाठ सीटला टेकवली. मागची डबडी गरगर फिरत होती. आत्या समोर पाहत होत्या. समोर गॅरेजची भिंत होती, तिच्यावर पान्यांचा बोर्ड आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर. त्यांच्या चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं. गाडी चालवताना असतो तसा चेहरा होता.

मध्येच त्यांनी करकचून ब्रेक दाबला. थांबल्या. काचेतून कुणाला तरी जाऊ दिलं. पुन्हा पहिला गिअर.

पुलावर त्या थोड्या रेंगाळल्या. इंजिन चालू ठेवून, दोन्ही हात स्टेअरिंगवर, खिडकीतून बाहेर पाहत. खिडकीबाहेर मी होते. त्यांना मी दिसत नव्हते. शेजारची सीट रिकामी होती आणि हँडब्रेकवर कुणाचा हात नव्हता, आणि मला रडू आवरेना. मी तोंडाला पदर लावून तशीच उभी राहिले. जाऊबाई कधी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलं नाही.

मग त्यांनी गाडी वळवली. जाताना लागले तेवढेच गिअर, तेवढीच वळणं, उलट क्रमाने. गॅरेजमध्ये गाडी घेताना आरशात दोन्ही बाजूंनी पाहिलं, सावकाश आणली, हँडब्रेक ओढला, किल्ली बंद केली. डबडी फिरायची थांबली. गॅरेज एकदम शांत झालं.

आत्या उतरल्या. पर्समधून लायसन्स काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे कुठे परत द्यायचं असतं ते पाहा."

"मध्येच ब्रेक का मारलात?" मी विचारलं.

"कुत्रं आडवं आलं."

दोघं भाऊ गाडीच्या दोन टोकांना उभे होते, आपापल्या अर्ध्याजवळ. भाऊजींनी घसा साफ केला. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बोलले.

"कशी चालली, आत्या?"

"छान चालली," आत्या म्हणाल्या. साडीची निरी सारखी केली. "टायरचं आता सावकाश ठरवा. मला घाई नाही."